तेच दोघं, परत लग्न, परत घटस्फोट : असा सिनेमा नेमका कुठे फसतो?

पिवळीछत्री

परवा रात्री 'द मॅरीइंग मॅन' परत बघितला. १९९१ चा सिनेमा, अ‍ॅलेक बाल्डविन आणि किम बेसिंजर. ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. चार्ली हा टूथपेस्टवाल्या गडगंज घराण्याचा वारस, हॉलिवूडमधल्या एका स्टुडिओच्या साहेबाच्या मुलीशी लग्न ठरलेलं. लग्नाआधी मित्रांबरोबर लास वेगासला मजा करायला जातो आणि तिथे क्लबमध्ये गाणाऱ्या विकीवर असा काही भाळतो की विचारू नका. ती निघते गुंड बग्सी सीगलची मैत्रीण. बग्सी दोघांना रंगेहाथ पकडतो, आता हा गोळी घालणार असं वाटत असताना तो चक्क दोघांचं लग्न लावून देतो. तीच शिक्षा! आणि मग उरलेला सिनेमाभर हे दोघं वेगळे होतात, परत लग्न करतात, परत वेगळे होतात.

कल्पना किती भन्नाट आहे बघा. पटकथा नील सायमनची, म्हणजे संवादांचा बादशाह. तरीही सिनेमा आपटला तेव्हा, आणि परवा बघताना मलाही पहिल्या लग्नापर्यंत जी मजा आली ती पुढे राहिली नाही. एका टप्प्यानंतर हे का भांडतायत आणि का परत येतायत हे दोन्ही कळेनासं झालं. तिचा आवाज आला की हा वितळतो, एवढंच.

माझं मत असं की तेच जोडपं परत लग्न करणार असेल तर मधल्या काळात दोघांपैकी एकात तरी काहीतरी हललं पाहिजे, आणि ते आपल्याला दिसलं पाहिजे. नाहीतर दुसरं लग्न म्हणजे पहिल्याचाच रिप्ले. तुम्हाला काय वाटतं? आणि अशा प्रकारचे चांगले सिनेमे माहीत असतील तर सांगा.

नुसताचहा

बेसिंजरने त्यातली गाणी स्वतः गायली आहेत. तेवढ्यासाठी तरी बघावाच.

जुनापडदा

धागा आवडला. या प्रकाराला अमेरिकन सिनेमात मोठी परंपरा आहे आणि त्यावर स्टॅनली कॅव्हेल नावाच्या तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकाने १९८१ मध्ये अख्खं पुस्तक लिहिलंय. १९३४ ते १९४९ मधले सात सिनेमे घेऊन त्याने असं मांडलं की नेहमीच्या प्रेमकथेत प्रश्न असतो 'हे दोघं एकत्र येतील का', इथे प्रश्न असतो 'हे दोघं *परत* एकत्र येतील का', आणि दुसरा प्रश्न जास्त अवघड आहे कारण आता दोघांना एकमेकांबद्दल सगळं माहीत आहे. भुलायला काही उरलेलं नाही.

त्यातला सगळ्यात सुंदर म्हणजे 'द ऑफुल ट्रुथ', १९३७, कॅरी ग्रँट आणि आयरीन डन. लिओ मॅकॅरीला दिग्दर्शनाचं ऑस्कर याच सिनेमासाठी मिळालं. नवराबायको संशयावरून घटस्फोट घेतात, न्यायाधीश सांगतो की हुकूम नव्वद दिवसांनी पक्का होईल, आणि त्या नव्वद दिवसांत दोघं एकमेकांची नवीन लग्नं जमू नयेत म्हणून जे काही उद्योग करतात तो सिनेमा. कुत्रा कोणाकडे राहणार यावरूनसुद्धा कोर्टात तंटा आहे! शेवटच्या रात्री बारा वाजता हुकूम पक्का होणार आणि दोघं डोंगरातल्या घरात शेजारशेजारच्या खोल्यांत, मधलं दार नीट लागत नाही सारखं उघडतंय, आणि ते त्या दारातून बोलत बसतात की आपण होतो तसेच आहोत पण तसेच नाही आहोत. पिवळीछत्री जे म्हणतायत ना की काहीतरी हललं पाहिजे, तेच ते दोघं तिथे तोंडाने बोलतात, आणि तरी ते भाषण वाटत नाही.

आणखी एक कारण होतं या सगळ्या सिनेमांमागे. १९३४ च्या मध्यापासून हॉलिवूडमध्ये हेज कोड, म्हणजे पडद्यावर काय दाखवायचं याची नियमावली, सक्तीने लागू झाला. लग्नाबाहेरचं काहीही मोहक करून दाखवायला बंदी. पण घटस्फोटित जोडपं असेल तर दोघांमधली जवळीक प्रेक्षकाला आधीपासूनच माहीत असते, ती दाखवायची गरज नाही, आणि शेवटी परत लग्न झालं की लग्नसंस्थेचा मानही राहिला. लेखकांना चोरवाट सापडली आणि त्या वाटेवर त्यांनी एकाहून एक सिनेमे लिहिले.

कोपऱ्यातला

धागाकर्तीशी असहमत.

'काहीतरी हललं पाहिजे' हा नियम असेल तर 'हिज गर्ल फ्रायडे' (१९४०) कसा चालतो? त्यात संपादक वॉल्टर, म्हणजे कॅरी ग्रँट, इंचभरही बदलत नाही. घटस्फोट का झाला तर हा माणूस वर्तमानपत्र सोडून दुसऱ्या कशाचा विचार करत नाही, हनिमूनही बातमीपायी बुडाला. सिनेमा संपतो तेव्हा दोघं परत लग्न करायला निघालेत, आणि दुसऱ्या हनिमूनच्या वाटेवर कुठेतरी संप झालाय म्हणून हा म्हणतो आधी तिकडे जाऊ! तोच माणूस, तीच खोड. आणि प्रेक्षक खूश.

माझ्या मते लागते ती केमिस्ट्री आणि वेग. ग्रँट आणि रोझलिंड रसेल एकमेकांच्या वाक्यावर वाक्य चढवून बोलतात, विचार करायला फुरसतच देत नाहीत. कारणं दाखवायला लागलात की सिनेमा समुपदेशकाच्या खोलीत जातो.

पिवळीछत्री

@जुनापडदा, खूप धन्यवाद, 'ऑफुल ट्रुथ' नक्की बघणार.

@कोपऱ्यातला, वॉल्टर बदलत नाही हे खरं, पण त्याची घटस्फोटित बायको हिल्डी? ती सुरुवातीला म्हणते मला घर पाहिजे, साधा नवरा पाहिजे, बातमीदारी बास. आणि तुरुंगाच्या पत्रकार कक्षात एकदा ती टाइपरायटरसमोर बसली की तिलाच कळतं की आपण कोण आहोत. लग्न वॉल्टरशी कमी आणि कामाशी जास्त होतंय. म्हणजे हललं की! फक्त ती हलली, तो नाही. 'मॅरीइंग मॅन'मध्ये विकीला गाणं आहे, करिअर आहे, पण त्याचं या लग्नांशी काय नातं आहे ते धड कोणी विचारतच नाही असं मला वाटत राहिलं.

कोपऱ्यातला

हिल्डीचा मुद्दा मान्य. मूळ नाटकात ('द फ्रंट पेज', १९२८) हिल्डी पुरुष होता, संपादक आणि त्याचा बातमीदार अशी गोष्ट. हॉवर्ड हॉक्सने त्याची बाई केली आणि वर घटस्फोटित बायको केली. एवढ्या एका बदलाने सगळं नाटक प्रेमकथा झालं.

पण केमिस्ट्रीचा मुद्दा मी सोडत नाहीये. बाल्डविन आणि बेसिंजरमध्ये ती होती, इतकी की त्यांनी १९९३ मध्ये खरंच लग्न केलं.

कडुनिंब

आणि २००२ मध्ये घटस्फोट.

नुसताचहा

पण परत लग्न नाही केलं. म्हणजे सिनेमातून काहीतरी शिकले :)

सातासमुद्रापार

मी कॅलिफोर्नियात कौटुंबिक कोर्टातली कामं बघते, त्यामुळे हा विषय दिसला आणि राहवलं नाही. गोष्ट लास वेगासमध्येच का घडते त्यामागे कायद्याचा इतिहास आहे आणि तो सिनेमाइतकाच मजेदार आहे.

वेगास ज्या राज्यात आहे ते नेवाडा म्हणजे वाळवंट, खाणी बसलेल्या, उत्पन्न नाही. तिथे घटस्फोटासाठी आधीपासूनच इतर राज्यांपेक्षा कमी मुक्काम लागायचा, १९२७ मध्ये तो तीन महिन्यांवर आणला आणि १९३१ मध्ये सरळ सहा आठवड्यांवर. त्याच वर्षी जुगारही कायदेशीर केला. त्या काळात न्यूयॉर्कमध्ये घटस्फोटाला व्यभिचार हे एकच कारण चालायचं, आणि हे १९६७ पर्यंत तसंच होतं. मग लोक काय करणार, नेवाडातल्या रेनो शहराची गाडी पकडायचे. सहा आठवडे बोर्डिंग हाउसमध्ये नाहीतर गावाबाहेरच्या रँचवर राहायचं, मग घरमालकीण कोर्टात येऊन शपथेवर सांगणार की होय, ही बाई रोज इथेच होती. कारण म्हणून 'मानसिक क्रौर्य' लिहायचं, काही मिनिटांत हुकूम हातात. कोर्टातून बाहेर पडल्यावर पुलावरून अंगठी नदीत फेकायची अशी दंतकथाही आहे.

आता दुसरी बाजू. कॅलिफोर्नियाने १९२७ मध्ये लग्नाच्या परवान्यासाठी तीन दिवस थांबायचा नियम केला, पिऊन घाईत लग्नं करू नयेत म्हणून. नेवाडात थांबायची गरजच नव्हती. म्हणून लॉस एंजेलिसची मंडळी लग्नालाही नेवाडात. लग्न लावायचं तरी तिथे आणि मोडायचं तरी तिथे! परत परत लग्न करणाऱ्या जोडप्याची गोष्ट रचायला अमेरिकेत याहून चांगली जागा नाही.

आणि इथेच मला वाटतं सायमनने मोठी संधी घालवली. ते सहा आठवडे. मुक्काम सोडून जाता येत नाही, आजूबाजूला सगळे घटस्फोटाचीच वाट बघणारे, करायला काही नाही. माणूस त्या काळात विचार करतो, चिडतो, पत्रं लिहितो, फाडतो. १९३९ च्या 'द विमेन'मध्ये असाच रेनोचा रँच आहे आणि त्यातल्या बायकांच्या गप्पा हा सिनेमाचा सगळ्यात जिवंत भाग आहे. पडद्यावर एकही पुरुष दिसत नाही त्या सिनेमात, आणि शेवटी नायिका घटस्फोटित नवऱ्याकडे परत जाते.

जुनापडदा

वा! काय प्रतिसाद आहे. 'द विमेन' मी विसरलोच होतो.

रानजाई

हा धागा वाचून लिहावंसं वाटलं. माझ्या आईबाबांनी एकमेकांशी दोनदा लग्न केलंय.

मी शाळेत असताना ते वेगळे झाले. मोठी कारणं नव्हती, म्हणजे मारहाण, बाहेरचं प्रकरण असलं काही नाही. बाबा पैशाचे सगळे निर्णय परस्पर घ्यायचे. काकांना पैसे दिले, जमीन घेतली, विकली, आईला बाहेरून कळायचं. ती विचारायला गेली की 'तुला काय कळतंय त्यातलं' हे ठरलेलं उत्तर. तिने नोकरी धरली, तेव्हा तर घरात रोजच वादळ. शेवटी कोर्ट.

मग बरीच वर्षं गेली. दोघांनी दुसरं कोणी केलं नाही. माझ्या निमित्ताने भेटायचे, फीचे पैसे, आजारपण, परीक्षा. आणि या भेटींत एक गोष्ट झाली. आता बाबांना तिला *विचारावं* लागायचं, कारण तिच्यावर कसलाच हक्क नव्हता. तिला विचारायची सवय त्यांना घटस्फोटानंतर लागली. मला हे तेव्हा कळत नव्हतं, आता कळतं. माझं कॉलेज संपल्यावर एके दिवशी दोघांनी मला बसवून सांगितलं की आम्ही परत रजिस्टर लग्न करतोय. मी साक्षीदार म्हणून सही केली. आईने आपली नोकरी, आपलं बँक खातं सगळं तसंच ठेवलं, ही तिची अट होती आणि बाबांनी ती न कुरकुरता मानली.

अजूनही भांडतात, जोरात भांडतात. पण वेगळ्या गोष्टींवरून भांडतात. म्हणून पिवळीछत्री यांच्या मताला माझा पूर्ण पाठिंबा.

नुसताचहा

आईवडिलांच्या लग्नात साक्षीदार! इथे हे भाग्य दुसऱ्या कोणाला मिळालं असेल असं वाटत नाही. फार छान लिहिलंय.

कोपऱ्यातला

रानजाई, मनापासून आवडलं. यात तर पूर्ण सिनेमा आहे आणि त्यात एकही गुंड लागत नाही.

कडुनिंब

रानजाई यांचा अनुभव गोड आहे पण मला दुसरी बाजू मांडायचीये, कोणी वाईट वाटून घेऊ नका. आईवडील परत एकत्र येतात हे सिनेमात इतक्या वेळा आणि इतकं सोपं दाखवलंय की घटस्फोट झालेल्या घरातली मुलं ते मनावर घेतात. एरिख केस्टनरची १९४९ ची जर्मन कादंबरी आहे, जुळ्या बहिणी आईवडिलांना परत एकत्र आणतात. त्यावरून हॉलिवूडने 'द पेरेंट ट्रॅप' दोनदा केला, १९६१ आणि १९९८. आपल्याकडे १९६८ मध्ये 'दो कलियाँ' आला, छोट्या नीतू सिंगचा डबल रोल. सगळीकडे काम कोण करतंय? मुलं. मोठे रुसून बसलेत आणि नऊदहा वर्षांच्या पोरी डाव रचतायत.

माझेही आईवडील वेगळे झालेले, ते परत कधी एकत्र आले नाहीत. मी 'दो कलियाँ' टीव्हीवर बघितला आणि कितीतरी दिवस मला वाटायचं की मी पुरेसा हुशार नाही म्हणून जमत नाहीये. कोणाला बोललोही नाही. म्हणून या प्रकारच्या सिनेमात मुलं कुठे आहेत हे मी आधी बघतो.

रानजाई

कडुनिंब, वाईट कशाला वाटेल. मीसुद्धा डाव रचायचे. दोघांना एकाच वेळी शाळेत बोलावलं जाईल अशा गोष्टी मुद्दाम करायचे, मार्क कमी पाडायचे. त्यातल्या एकाचाही उपयोग झाला नाही. ते एकत्र आले ते त्यांच्या कारणाने आले, माझ्यामुळे नाही, आणि हे आईने मला स्पष्ट शब्दांत सांगितलंय. तुम्हालाही कोणीतरी तेव्हा सांगायला हवं होतं.

कडुनिंब

हो. धन्यवाद.

पिवळीछत्री

कडुनिंब, तुमच्या प्रतिसादानंतर मला 'ऑफुल ट्रुथ'मधला कुत्रा आठवला (काल रात्री बघितला, अप्रतिम!). त्या जुन्या सिनेमांमधल्या जोडप्यांना मुलं नसतातच बहुतेक वेळा. आता कळलं का ते. मूल आलं की परत परत घटस्फोट ही गंमत राहूच शकत नाही. कुत्र्यावरून कोर्टात भांडण झालं तर आपण हसतो, तिथे मूल असतं तर हसू घशात अडकलं असतं.

जुनापडदा

अगदी बरोबर, आणि कॅव्हेलनेही ही गोष्ट हेरली आहे, या नायक-नायिकांना मुलं नसतात. त्यांना एकमेकांशी खेळायला मोकळीक हवी म्हणून.

वाऱ्यावरची

अवांतर : खऱ्या आयुष्यातल्या जोड्या कोणी लिहिल्या नाहीत अजून? एलिझाबेथ टेलर आणि रिचर्ड बर्टन, लग्न १९६४, घटस्फोट १९७४, परत लग्न १९७५ (थेट बोत्स्वानात), परत घटस्फोट १९७६. नताली वुड आणि रॉबर्ट वॅगनर, १९५७ ला लग्न, १९६२ ला घटस्फोट, १९७२ ला परत लग्न, आणि ते तिच्या मृत्यूपर्यंत टिकलं. मेक्सिकोचे चित्रकार फ्रिडा काहलो आणि दिएगो रिव्हेरा, लग्न १९२९, घटस्फोट १९३९, आणि साधारण वर्षभराने डिसेंबर १९४० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला परत लग्न.

'मॅरीइंग मॅन'ची गोष्ट हॅरी कार्ल हा बुटांचा धनाढ्य व्यापारी आणि मेरी मॅकडोनाल्ड ही नटी यांच्यावर बेतलेली आहे असं बऱ्याच ठिकाणी छापून आलंय. त्यांनीही एकमेकांशी दोनदा लग्न केलं होतं. बुटांची टूथपेस्ट झाली.

सातासमुद्रापार

वाऱ्यावरची, या यादीत हॉलिवूडची नटी लाना टर्नर घाला. ती कायद्याच्या दृष्टीने माझी आवडती केस आहे. १९४२ मध्ये तिने स्टीफन क्रेनशी लग्न केलं, आणि मग कळलं की त्याचा आधीचा घटस्फोट अजून पक्काच झालेला नाही! कॅलिफोर्नियात तेव्हा आधी तात्पुरता हुकूम मिळायचा आणि पक्का व्हायला एक वर्ष जावं लागायचं. लग्न रद्द करावं लागलं, तोपर्यंत ती गरोदर. मग १९४३ मध्ये दोघांनी परत लग्न केलं. म्हणजे भांडण नाही काही नाही, कॅलेंडरमुळे दोनदा लग्न. 'ऑफुल ट्रुथ'मधले नव्वद दिवस हे असं खऱ्या जगातून आलेलं होतं. ते एक वर्षाचं प्रकरण १९७० मध्ये गेलं, तेव्हाच दोष सिद्ध न करता घटस्फोट मिळायला लागला, अमेरिकेत सगळ्यात आधी. आता इथे कमीत कमी सहा महिने लागतात.

लिंबूसरबत

आपल्याकडे असा सिनेमा जमेल का पण? तारखा पडून पडून नायक म्हातारा व्हायचा.

काळाकोट

लिंबूसरबत, परस्पर संमतीने असेल तर इतकं नाही. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब प्रमाणे किमान वर्षभर वेगळं राहिलेलं असावं, मग अर्ज, मग सहा महिने थांबायचं. ते सहा महिने योग्य प्रकरणात कोर्ट माफ करू शकतं असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलंय. आणि घटस्फोटानंतर त्याच जोडीदाराशी परत लग्न करायला कुठलीच आडकाठी नाही. पूर्वी हुकमानंतर कोणाशीही लग्न करायला एक वर्ष थांबावं लागायचं, ती अट १९७६ च्या दुरुस्तीत गेली.

पण वेगासचा वेग आपल्याकडे येणार नाही हे खरं. आपल्या सिनेमात एकदाच घटस्फोट आणि एकदाच पुनर्मीलन बसतं. 'मंगलाष्टक वन्स मोअर' आठवतोय का, स्वप्नील जोशी आणि मुक्ता बर्वेचा, २०१३ चा? तो त्याच जातीचा.

लिंबूसरबत

शिवाय आपल्याकडे दोन माणसांचा घटस्फोट नसतोच, दोन कुटुंबांचा असतो. परत लग्न करायचं तर आत्या, मामा, वहिनी सगळ्यांची समजूत काढत बसा. मला तर वाटतं मराठीत हा सिनेमा केला तर जोडपं बाजूला ठेवून त्या नातेवाइकांवर करावा. तिसऱ्यांदा आहेर काय द्यायचा?

नुसताचहा

'कृपया आहेर आणू नये, मागचे अजून पडून आहेत.'

जुनापडदा

हसून हसून पुरेवाट.

बरं, आता मूळ विषयाकडे येतो, कारण मला एक गोष्ट सांगायचीच आहे आणि ती सांगितल्याशिवाय या सिनेमाची चर्चा पुरी होणार नाही. नील सायमनने स्वतः एका बाईशी दोनदा लग्न केलंय. डायान लँडर, पहिलं लग्न १९८७, पुढच्याच वर्षी घटस्फोट, आणि १९९० मध्ये परत लग्न. सिनेमा आला १९९१ ला. म्हणजे जो माणूस परत लग्न करणाऱ्या जोडप्याची गोष्ट लिहीत होता तो त्याच सुमारास स्वतः त्यातून जात होता.

त्या दुसऱ्या लग्नाचाही १९९८ मध्ये शेवट झाला.

पिवळीछत्री

अरे बापरे! हे मला खरंच माहीत नव्हतं.

आता सिनेमा मनात परत चालवून बघतेय. मला जे खटकलं होतं ते हेच की का परत येतात याचं उत्तर सिनेमा देत नाही. कदाचित हे उत्तर सायमनकडेही नव्हतं तेव्हा. ज्याच्या आयुष्यात ते लग्न आत्ताच परत झालंय त्याला कसं माहीत असणार की या वेळी काय वेगळं आहे? रानजाईंना त्यांच्या आईबाबांची गोष्ट इतकी स्वच्छ दिसते कारण मधे वर्षं गेलीत, आणि त्या बाहेरून बघतायत.

तरी मी मत बदलत नाहीये. लेखकाकडे उत्तर नसलं तरी चालेल, पण मग त्याच्या पात्रांनी तरी तो प्रश्न विचारावा. विकीने एकदा तरी चार्लीला समोर बसवून विचारायला हवं होतं की मागच्या वेळी काय बिनसलं ते तू सांग, मी माझं सांगते. तो एक सीन आणि मी बाकी सगळं माफ केलं असतं.

कोपऱ्यातला

मी थोडा वेगळा विचार करतोय. काही जोडप्यांना कारण नसतंच. टेलर आणि बर्टनला कोणी विचारलं असतं तर काय सांगितलं असतं? एकमेकांशिवाय जमत नाही आणि एकमेकांबरोबरही जमत नाही, संपलं. अशा माणसांवर विनोदी सिनेमा निघू शकतो, फक्त त्याचा शेवट लग्नावर करू नये. 'मॅरीइंग मॅन'ची खरी अडचण मला आता ही वाटते. गोष्ट आहे कारण नसलेल्या जोडप्याची आणि शेवट पाहिजे त्यांना 'ऑफुल ट्रुथ'सारखा गोड.

सातासमुद्रापार

कोपऱ्यातला, हे पटलं. माझ्याकडे आलेल्यांत असे आहेत, आणि असेही आहेत ज्यांनी दुसऱ्या लग्नाआधी मालमत्तेचा करार करून घेतला आणि मगच सही केली. दुसऱ्या प्रकारचे टिकलेले जास्त बघितलेत मी. प्रेम कमी म्हणून नव्हे, आधी जे बोलायला लाजत होते ते या वेळी बोलले म्हणून.

कडुनिंब

दिग्दर्शकाचाही विचार करा. जेरी रीसने त्याआधी 'द ब्रेव्ह लिटल टोस्टर' नावाचा कार्टूनपट केला होता, १९८७ चा, आणि तो फार हळवा, सुंदर सिनेमा आहे. त्यात घरातली सोडून दिलेली यंत्रं आपल्या छोट्या मालकाला शोधत निघतात. परत जाण्याची ओढ त्याला कळत होती, एवढं नक्की.

वाऱ्यावरची

टोस्टर माझाही आवडता!! त्यावर वेगळा धागा काढा.

लिंबूसरबत

मी यातला एकही जुना सिनेमा बघितलेला नाही. कुठून सुरुवात करू? कृष्णधवल चालेल पण रटाळ नको.

जुनापडदा

पहिला 'द ऑफुल ट्रुथ'. मग 'हिज गर्ल फ्रायडे', पण तो सबटायटल लावूनच बघा, दोघं एकमेकांच्या बोलण्यावर इतकं बोलतात की अर्धं निसटतं. तिसरा 'द फिलाडेल्फिया स्टोरी', १९४०, त्यात पहिला नवरा दारू सोडून परत आलाय आणि नायिकेला स्वतःचा ताठा उतरवायला लागतो, पाहुणे खुर्च्यांवर बसलेले असताना नवरदेव बदलतो. आणि हे तिन्ही झाले की हिचकॉकचा 'मिस्टर अँड मिसेस स्मिथ' (१९४१). हो, हिचकॉकने विनोदी सिनेमा केलाय! तिथे तर घटस्फोटही नाही, नवराबायकोला एके दिवशी कळतं की आपलं लग्न कायद्याने झालेलंच नव्हतं.

लिंबूसरबत

हा शेवटचा आधी बघते मग. काळाकोट, असं आपल्याकडे होऊ शकतं का हो, लग्न झालेलंच नव्हतं असं नंतर कळणं?

काळाकोट

होऊ शकतं, आणि होतंही. पण त्यावर लिहायला घेतलं तर हा धागा कायद्याचा होईल. वेगळा काढा, मी येतो.